जरा बघू फोन

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणसं आधी पाणी पितात, मग पावसापाण्याचं बोलतात, मग चहाला नको नको म्हणत हो म्हणतात. आमचा मेहुणा बापू उंबऱ्यात चपला काढता काढताच म्हणतो, "जरा बघू फोन." यजमानालाच म्हणतो असंही नाही, समोर जो सापडेल त्याला म्हणतो. एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी गृहस्थांना तो हे म्हणाला आणि त्या गृहस्थांनी जिलबीचे हात रुमालाला पुसून मुकाट्याने फोन काढून दिला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मागण्याची ढबच अशी की समोरच्याला नाही म्हणायचं सुचत नाही. सुचतं तोवर उशीर झालेला असतो.

फोन हातात आला की बापू आधी तो पालथा करून मॉडेल वाचतो. मग सेटिंगमध्ये शिरून 'अबाउट फोन' उघडतो आणि तिथल्या बिल्ड नंबरवर अंगठ्याने सात टिचक्या मारतो. सातव्या टिचकीला फोन स्वतःहून जाहीर करतो की आपण आता डेव्हलपर झाला आहात. हे तो कुणालाही सांगतो; तुम्हीही मारून बघा, काही बिघडत नाही. पण बी.कॉम. झालेल्या आमच्या बापूला ही पदवी दिवसाआड कुठल्या ना कुठल्या फोनकडून मिळते आणि दर वेळी त्याचा चेहरा नव्याने फुलतो. फार वेळ फुललेला राहत नाही, कारण तेवढ्यात नजर सिक्युरिटी पॅचच्या तारखेवर जाते. "दाजी," तो आवाज खाली आणून म्हणतो, "दोन वर्षांपूर्वीचा पॅच आहे. आणि तुम्ही रात्री खुशाल झोपताय?"

मला झोप चांगली लागते. पण ते ऐकायला बापू थांबत नाही. त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "स्टॉकमध्ये काही अर्थ नाही."

स्टॉक म्हणजे फोन घेताना कंपनीने आत जे घालून दिलेलं असतं ते. ते सगळं धुऊन काढायचं आणि त्याच फोनमध्ये दुसरीच ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची, याला बापू आणि त्याच्या जातकुळीची माणसं 'रॉम टाकणं' म्हणतात. घाईत असले की 'फ्लॅश मारणं'. आमच्या सासूबाई 'फोन बाटवणं' म्हणतात.

बापू कराडला एका सहकारी बँकेत आहे. दिवसभर पासबुकं छापतो, आरटीजीएसचे फॉर्म तपासतो, चेकवरची सही नमुन्याशी जुळली नाही तर सख्ख्या मामालाही परत पाठवतो. आता फोनमध्येही असाच एक कारकून बसलेला असतो. त्याचं नाव बूटलोडर. बटण दाबलं की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येक सिस्टीमची सही तपासतो. कंपनीची सही नसेल तर आत घेत नाही. बापूचं सगळं रात्रीचं काम या कारकुनाला पटवण्यापासून सुरू होतं. दिवसा सह्या जुळवून पोट भरणारा हा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन बसतो आणि फोनला सांगतो, बाबा रे, आजपासून सही बघू नकोस. यातली विसंगती मी एकदा त्याच्या निदर्शनास आणली. तो म्हणाला, "चेक लोकांचा असतो दाजी. फोन माझा आहे."

या नादाची सुरुवात गरजेतून झाली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. २०१२च्या सुमाराला त्याने पगारातून एक छोटा अँड्रॉइड फोन घेतला. आवृत्ती २.३, पोटात दोनशे एमबीसुद्धा जागा नाही. व्हॉट्सॲप घातलं की फेसबुक काढायचं, फेसबुक घातलं की व्हॉट्सॲप काढायचं. त्यातून कंपनीने आपली म्हणून घातलेली चार ॲपं अशी, की ती कधी उघडायची नाहीत आणि काढायचीही नाहीत. नवी आवृत्ती येईल येईल म्हणून बापूने वर्षभर वाट पाहिली. मग बँकेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने एका दुपारी त्या फोनवर सायनोजेनमॉड चढवून दिलं. फोन पळायला लागला आणि त्याच्या मागे बापू.

सायनोजेनमॉड हे बापूचं पहिलं प्रेम. स्टीव्ह कोंडिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००९मध्ये, अँड्रॉइडचा पहिलावहिला फोन बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, हे सुरू केलं. सायनोजेन हे त्याचं टोपणनाव. अँड्रॉइडचा मूळ कोड गूगल खुला ठेवतं, आणि आतला लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली येतो त्यानुसार फोन विकणाऱ्या कंपनीला त्या कर्नलमधले आपले बदलही उघड करावे लागतात. या दोन खिडक्या उघड्या असल्यामुळे जगभरची हौशी माणसं आत शिरून आपापल्या फोनसाठी नवं अँड्रॉइड घडवू शकतात. हे सगळं बापूने मला सांगितलं आहे, माझ्या बायकोला सांगितलं आहे आणि सासूबाई शेंगा सोलत असताना त्यांनाही सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "फुकट देतात म्हणजे काहीतरी असणार."

पुढे त्या सायनोजेनची रीतसर कंपनी झाली, वनप्लस वन आणि मायक्रोमॅक्स यूरेका हे फोन ते घालूनच भारतात आले, हक्कांवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि २०१६च्या डिसेंबरात कंपनीने दुकानच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ते दिवस नोटाबंदीचे. सगळा देश एटीएमच्या रांगेत उभा, बँकेत बापूला जेवायला फुरसत नाही, आणि हा माणूस रात्री घरी येऊन सुतकी चेहऱ्याने बसलेला. सासऱ्यांना वाटलं कॅशमध्ये घोळ झाला. "किती कमी पडले?" त्यांनी हळूच विचारलं. बापू म्हणाला, "सर्व्हर बंद करतायत." पण थोड्याच दिवसांत त्याच मंडळींतल्या काहींनी तोच कोड उचलून लिनिएजओएस नावाने पुन्हा मांडला, आणि संक्रांतीला बापूने तिळगूळ खाल्ला.

फोनला बापू बाजारातल्या नावाने ओळखत नाही. या जगात प्रत्येक फोनचं एक आतलं नाव असतं आणि खरं तेच. नेक्सस ५ म्हणजे हॅमरहेड. पहिला मोटो जी म्हणजे फाल्कन. रेडमी नोट ४ हा मिडो, नोट ५ प्रो हा व्हायरेड, पोको एफ१ हा बेरिलियम. मावसबहिणीला बघायला मुलगा आला होता, तेव्हा मंडळी गेल्यावर सगळ्यांनी बापूला विचारलं, तू एवढा वेळ त्याच्याशी बोलत बसला होतास, कसा वाटला? बापू म्हणाला, "बेरिलियम वापरतो." यापलीकडे त्याला काही सांगता येईना. पण सूर असा होता की स्थळ सोडू नये.

त्याची खरी परीक्षा एका भाऊबीजेला झाली.

त्याची तयारी दसऱ्यापासून होती. माझ्या बायकोचा फोन शाओमीचा, आणि शाओमीच्या बूटलोडरचं कुलूप उघडायला कंपनीची परवानगी लागते. तेव्हाची रीत अशी: आधी फोनमध्ये खातं जोडायचं, तेही वायफायवर नाही, सिमच्याच डेटावर. मग विंडोजच्या लॅपटॉपवर त्यांचा अनलॉकचा प्रोग्रॅम चालवायचा. मग तो सांगेल तितके तास थांबायचं. कुणाला ७२ तास सांगायचा, कुणाला १६८, कुणाला ३६०. कंपनीचा हेतू असा की चोरीचा फोन कुणी लगेच उघडू नये आणि उघडणाऱ्या धन्यालाही दोनदा विचार करायला वेळ मिळावा. माझ्या बायकोच्या फोनला १६८ सांगितले. म्हणजे मोजून सात दिवस. बापूने ते अखंड हरिनाम सप्ताहाच्या निष्ठेने पाळले. रोज कराडहून फोन यायचा: "ताई, त्या खात्यातून लॉगआउट झालीस का? होऊ नकोस." तिला वाटायचं, भाऊ किती काळजी करतो.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ओवाळून झालं. ताटात पाकीट पडलं. मग बापू पाटावरून न उठताच म्हणाला, "ताई, खरी ओवाळणी वेगळी आहे. जरा बघू फोन."

"फोटो जातील का रे?"

"सगळंच जातं. पण परत येतं. दहा मिनिटांचं काम आहे."

'दहा मिनिटांचं काम' ऐकलं की आमच्या घरात शहाणी माणसं जेवून घेतात. बापूने लॅपटॉप उघडला, केबल जोडली, फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरलं. पडद्यावर ससा आला. कानटोपी घातलेला ससा, अँड्रॉइडच्या हिरव्या यंत्रमानवाला उघडून त्याच्या पोटात दुरुस्ती करत बसलेला. हा फास्टबूटचा पडदा. पुढे काहीही बिघडलं तरी हा ससा दिसत असेल तर फोन वाचवता येतो, म्हणून ससा दिसला की बापूचा जीव भांड्यात पडतो. आमची मुलगी तेव्हा लहान होती. तिला वाटलं मामाने तिच्यासाठीच ससा आणला. ती तासभर सशाजवळून हलली नाही.

कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये बापूने 'अनलॉक'चं बटण दाबलं, आणि फोटो, कॉन्टॅक्ट, सासूबाईंच्या आवाजात रेकॉर्ड केलेली पुरणपोळीची कृती हे सगळं फोनमधून गेलं. बॅकअप लॅपटॉपमध्ये होता, असं बापू म्हणत होता. नंतर टीडब्ल्यूआरपी नावाचा रिकव्हरीचा पडदा. त्यात फॉरमॅट करायचं तर नुसतं बोट दाबून भागत नाही. 'येस' असं अक्षर अक्षर टाइप करावं लागतं. बापू त्या जागी नेहमी एक क्षण थांबतो आणि आजूबाजूला बघतो. कुणी अडवत असेल तर अडवा, असा त्याचा अर्थ मी लावतो. कुणी अडवलं नाही. माझ्या बायकोने विचारलं, "अजून किती?" बापू म्हणाला, "झालंच."

मग सिस्टीम चढली आणि पहिलं बूट सुरू झालं. पडद्यावर एका कमानीवरून एक ठिपका सरकायला लागला. ठिपका सरकतोय म्हणजे काम चालू आहे. पण काम अडकलं असेल तरीही ठिपका सरकतच राहतो, आणि या दोन्हींतला फरक बघून ओळखता येत नाही. "पहिलं बूट आहे, वेळ घेणारच," बापू म्हणाला. नऊ वाजले, फराळाचे डबे झाकले. दहा वाजले, मुलगी ससा ससा करत झोपली. अकराच्या सुमाराला फोन उघडला आणि बापूच्या लक्षात आलं की पहिल्या बूटच्या आधीच जे गूगलचं पुडकं चढवायचं असतं, ज्यातून प्ले स्टोअर येतं, ते राहिलं. ते नंतर चढवलं की रुसतं. तेव्हा पुन्हा पुसा, पुन्हा 'येस', पुन्हा ठिपका. मी आकाशकंदिलाचा दिवा घालवला आणि झोपायला गेलो.

सकाळी फोन टेबलावर होता. एकदम स्वच्छ. कंपनीची एकही जाहिरात नाही, एक फालतू ॲप नाही, नवं कोरं अँड्रॉइड, बोट लावलं की सळकन हलणारं. फोटोही परत आले होते. बापू रात्रभर न झोपता दाढीबिढी करून शेजारी बसला होता.

"सगळं चालतंय, ताई," तो म्हणाला. "फक्त…"

या 'फक्त'ने मी बापूला ओळखतो. त्याने बसवलेल्या प्रत्येक रॉममध्ये सगळं चालतं, फक्त एक गोष्ट चालत नाही. सगळं चालतं, फक्त ब्लूटूथ नाही. सगळं चालतं, फक्त कॅमेऱ्यात माणसं जरा निळी दिसतात. सगळं चालतं, फक्त अंगठा ओळखत नाही. त्या सकाळी माझी बायको म्हणाली, "फक्त काय?"

"फोन लागत नाही."

झालं होतं असं, की बायकोचं सिम जिओचं. जिओ सप्टेंबर २०१६ला आलं तेच निव्वळ ४जी घेऊन. त्यावरचं बोलणंही व्होल्टेवरून, म्हणजे डेटाच्याच वाटेने जातं. आणि व्होल्टेची ती बारीक जुळणी कंपनीच्या मूळ सिस्टीममध्ये होती, नव्या रॉममध्ये अजून कुणी बसवली नव्हती. बापूने हे सगळं समजावून सांगितलं. नेट किती सुसाट आहे तेही दाखवलं. बायको शांतपणे म्हणाली, "बापू, मला आईला फोन करायचाय."

"अगं आई इथंच आहे!"

"म्हणून काय झालं?"

पुढे त्या रॉमची नवी बिल्ड आली आणि फोन लागायला लागला. ती यायला बराच वेळ गेला, कारण तो रॉम सांभाळणाऱ्या मुलाची बारावीची परीक्षा होती. हे विनोदाने सांगत नाही. ज्या सिस्टीमवर शेकडो लोकांचे फोन चालतात, ती पुष्कळदा एखादा कॉलेजातला, कधी शाळेतलाही पोरगा रात्री जागून बिनपगारी तयार करत असतो. बापू त्या मुलाला कधी भेटलेला नाही, त्याचं खरं नावही त्याला ठाऊक नाही; पण तो त्याला चहापाण्याचे म्हणून थोडे पैसे पाठवतो आणि फिजिक्सचा पेपर कसा गेला याची खरीखुरी चौकशी करतो. या लोकांत एक शिष्टाचार आहे: नवी आवृत्ती कधी येणार (याला ते 'ईटीए' म्हणतात), असं विचारायचं नाही. फुकट काम करणाऱ्याला घाई करणं अशोभनीय समजतात. बापू हा नियम कसोशीने पाळतो. त्याच्या बायकोनेही तो उचलला आहे. स्वयंपाक कधी होणार, असं बापूने विचारलं की ती आतून म्हणते, "ईटीए विचारायचा नसतो."

आणखी एक रिवाज. रॉमबरोबर एक इशारा जोडलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं सगळे जण थोड्याफार फरकाने तोच उतरवून घेत आलेत: तुमचा फोन मेला, मेमरी कार्ड जळलं, गजर न वाजल्यामुळे नोकरी गेली किंवा अणुयुद्ध पेटलं, तर आम्ही जबाबदार नाही. बापू हा इशारा प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो. गिऱ्हाईक हसतं. बापू हसत नाही, कारण सासऱ्यांचा फोन मेला होता.

मेला म्हणजे खरोखर मेला. ठिपका नाही, ससा नाही, चार्जिंगचा दिवासुद्धा नाही. याला हे लोक 'वीट होणं' म्हणतात. सासरे मुळात शांत. त्यांनी फक्त इतकंच विचारलं, "पेन्शनचा मेसेज आता कुठं येणार?" त्या रात्री बापूने ड्रायरची गरम हवा देऊन फोनचं मागचं झाकण उचकटलं आणि त्याच्या बायकोचा भुवया कोरायचा चिमटा मागितला. सर्किटवर दोन बारीक ठिपके असतात. चिमट्याने ते एकमेकांना टेकवून त्याच वेळी केबल लावायची. नेम बसला तर लॅपटॉपवर क्वालकॉम आणि पुढे ९००८ हा आकडा उमटतो. म्हणजे वरचं सगळं मेलं असलं तरी प्रोसेसर आतून ओ देतोय. किती वेळा नेम चुकला ते बापूने सांगितलं नाही. पहाटे घरात ओरडा झाला, "नऊ हजार आठ! नऊ हजार आठ!" सासरे दचकून उठले. त्यांना वाटलं पेन्शन आली.

बापूच्या बायकोने या प्रकारानंतर भिशीच्या पैशातून आयफोन घेतला. जुनाच, पण आयफोन. सगळ्यांना वाटलं फोटोसाठी. तिने मला खरं कारण सांगितलं: "त्यात ह्यांना काही करता येत नाही." चिमटाही नवा घेतला.

बापूच्या स्वतःच्या फोनची आणखी एक गंमत आहे. ज्या बँकेत तो काम करतो त्याच बँकेचं ॲप त्याच्या फोनवर चालत नाही. हल्ली पैशांची ॲपं उघडण्याआधी फोनची झडती घेतात. पूर्वी सेफ्टीनेट नावाची चाचणी होती, आता प्ले इंटिग्रिटी आहे. फोनचं कुलूप उघडं दिसलं, सही तपासणारा कारकून गप्प बसवलेला दिसला, की ॲप हात जोडतं. त्यावर मॅजिस्कसारखे उपाय निघतात, ते महिनाभर चालतात, मग गूगल ते भोक बुजवतं, मग नवा उपाय निघतो. या भोकाभोकीत बापू कायम मधल्या काळात सापडतो. मंडईत मेथीची जुडी घेताना मी हे ऐकलं आहे:

"दादा, स्कॅन करा की."

"आज इंटिग्रिटी पास होत नाहीये, मावशी."

मावशींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि फार मायेने म्हणाल्या, "राहू द्या मग. उद्या द्या. चालतंय." त्यांना वाटलं असावं घरात काही अडचण आहे. तेव्हापासून आमच्या घराण्यातला फोनमधला सगळ्यात जाणता माणूस खिशात दहा-वीसच्या नोटांची चळत घेऊन हिंडतो. काही सिनेमेही त्याला धूसर दिसतात, कारण कुलूप उघडलं की काही फोनांवर सिनेमाच्या ॲपांचा विश्वास उडतो आणि ती स्वच्छ चित्र देत नाहीत. "कथा कळल्याशी मतलब," असं त्याचं म्हणणं.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी? चांगल्या फोनसाठी नक्कीच नाही. चांगला फोन बापूला सहन होत नाही. सगळं सुरळीत चालायला लागलं की तो तिसऱ्या दिवशी अस्वस्थ होतो आणि दुसरा रॉम शोधायला लागतो. मला वाटतं, त्याला वस्तू आपली असणं म्हणजे काय ते एकदा पुरतं अनुभवायचं असतं. आपल्या वडीलधाऱ्यांनी रेडिओ उघडले, स्कूटरचे कार्ब्युरेटर उघडले, कुणी त्यांना परवानगी विचारायला लावली नाही. पंधरा-वीस हजार मोजून घेतलेल्या वस्तूला आतून कुलूप, आणि किल्ली मात्र विकणाऱ्याकडे, हे बापूला पटत नाही. याबाबतीत त्याचं चुकतं असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. माझा फोन मी त्याला देत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि २०२० आठवलं की त्याच्यावर चिडताही येत नाही. शाळा बंद झाल्या, वर्ग फोनवर भरायला लागले, आणि ज्या घरात एकच फोन तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तिथली पोरं नुसती बसून राहिली. बापूने गल्लीतल्या घराघरांतून मेलेले फोन मागून आणले. कुणाच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमधले, कुणाच्या देवघराच्या फळीवरचे, पडदा तडकलेले, बॅटरी फुगलेले. बऱ्याच फोनांत अँड्रॉइड इतकं जुनं होतं की वर्गाचं ॲप उतरायलाच तयार नाही. ज्यांत जमलं त्यांत बापूने नवं अँड्रॉइड घातलं, बॅटऱ्या स्वतःच्या पैशाने बदलल्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या, वॉचमनच्या मुलांना ते फोन वाटले. त्या वेळी तो तीन-तीन वाजेपर्यंत जागायचा आणि त्याची बायको काही बोलायची नाही. मधून चहा आणून ठेवायची. सहावीतल्या एका पोराला फोन देताना मी हजर होतो. बापूने सगळं समजावून सांगितलं आणि मग त्याचा चेहरा पडला. "सगळं चालतंय रे, फक्त पुढचा कॅमेरा चालत नाही. बाईंना तू दिसणार नाहीस. दोन दिवस दे, बघतो."

पोरगं फोन छातीशी धरून म्हणालं, "राहू द्या की काका. बघू नका."

आता दिवस बदललेत. गूगलने पिक्सेल ८पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं, सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ला तेच. मी ही बातमी बापूला उत्साहाने सांगितली. म्हटलं, आता तुझा त्रास वाचला. तो म्हणाला, "सात वर्षं देणार, म्हणजे सात वर्षं त्यांच्या मनासारखं." सध्या त्याच्या डोक्यात ग्राफीनओएस आहे. गूगलच्या नजरेतून निसटायचं असेल तर हे उत्तम, असं त्याचं म्हणणं. अडचण एवढीच की ते चालतं गूगलच्याच पिक्सेल फोनवर. म्हणजे गूगलपासून सुटायला आधी गूगलला पैसे मोजायचे. बापूला यात काही वावगं दिसत नाही. तो पिक्सेलसाठी आरडी भरतोय. बँक त्याचीच, पण हप्ता काउंटरवर रोख.

तुमच्याही नात्यात असा एखादा असणारच. दीर असेल, भाचा असेल, वरच्या मजल्यावरचा असेल. त्याला हिडीसफिडीस करू नका. त्याने "जरा बघू फोन" म्हटलं की कपाटातला मेलेला फोन आधी पुढे करा, तो हमखास जिवंत करून देईल. चालता फोनच द्यायचा असेल तर फोटो स्वतः दुसरीकडे उतरवून घ्या, बँकेची कामं आदल्या दिवशी उरका, आणि तो "दहा मिनिटांचं काम आहे" म्हणाला की त्याचं अंथरूण घाला.